आडनाव सोडा, वावर धरा : विदर्भातल्या आपल्या घराण्याची वंशावळ जुन्या कागदांतून कशी काढायची

वंशावळ काढायची म्हटलं की आजकाल पोरं पहिलं काय करतात तं मोबाईलवर आपलं आडनाव टाकतात. मग कुठलं तरी पान निघतं, त्यात अमुक आडनाव तमुक राजवंशाचं, मूळ राजस्थानातलं, एक गोत्र, एक निशाण, झालं, फॅमिली ग्रुपवर फॉरवर्ड करून मोकळे. त्यातून तुमच्या पणज्याचं नावसुद्धा कळत नाही. काहून की आपल्या इकडच्या जुन्या सरकारी कागदात आडनाव बहुतेक नसतंच. "नारायण वल्द सखाराम, जात कुणबी, साकिन अमुक मौजा", एवढंच. वल्द म्हणजे अमक्याचा मुलगा, साकिन म्हणजे राहणार, मौजा म्हणजे गाव. तुम्ही आडनाव घेऊन रेकॉर्ड रूममध्ये गेले तर बाबू तुमच्या तोंडाकडे पाहत राहील. त्याला गाव पाहिजे, साल पाहिजे अन जमिनीचा नंबर पाहिजे. म्हणून सुरुवातीलाच सांगतो, ज्यांच्या घरात कधीकाळी एखादं एकर का होईना वावर होतं त्यांनी त्या वावराच्या मागं मागं जावं, माणसं आपोआप सापडत जातात. ज्यांच्याकडे वावर नव्हतं त्यांचा रस्ता वेगळा, तो खाली सांगतो.

अमेरिकेत हा शौक लय मोठा आहे, अन तिकडे नोकरीला गेलेली आपली पोरं तिथलं पाहून घरी फोन करतात की बाबा, जनगणनेचा जुना रेकॉर्ड मागवा ना. तो आपल्याकडे मिळत नाही. तिकडे १७९० पासून दर दहा वर्षांनी जनगणना आहे अन ७२ वर्षं झाली की नावानिशी पानं सगळ्यांना उघडी होतात, १९५० ची पानं २०२२ मध्ये उघडली. आपल्याकडे १८८१ पासून देशभर जनगणना होत आली पण बाहेर येतात ते नुसते आकडे, माणसाच्या नावाचा कागद गोपनीय. पण तिकडचंही सगळं सोपं आहे असं समजू नका. १७९० ते १८४० च्या याद्यांत फक्त घरच्या कर्त्याचं नाव आहे, बायको-पोरं-म्हातारे सगळे आकड्यात. घरातल्या प्रत्येकाचं नाव १८५० पासून, तेही मोकळ्या माणसांचं, गुलामीतून सुटलेल्यांची नावं सगळी मिळून दिसतात ती १८७० मध्ये. अन १८९० ची जनगणना १९२१ च्या आगीत जवळजवळ सगळी गेली. म्हणून तिकडे जुन्या काळातलं घराणं शोधणारे लोक काउंटीच्या कचेरीत जाऊन जमिनीची खरेदीखतं, मृत्युपत्रं, टॅक्सच्या याद्या, चर्चमधली बाप्तिस्म्याची रजिस्टरं पाहतात, कोणाच्या जमिनीला कोणाची जमीन लागून होती ते काढतात. आपल्याला तेच करायचं आहे, काउंटीच्या जागी तहसील एवढाच फरक.

सुरुवात घरातून. घरात, भाऊकीत, सोयऱ्यात जे सगळ्यात म्हातारं माणूस आहे त्याच्याकडे आधी जा, कागद कुठं पळून जात नाहीत पण बुढा-बुढी जातात. विचारायचं कसं हे महत्त्वाचं. "आबाजी, आपला इतिहास सांगा" म्हटलं तर ते शिवाजी महाराजांपासून सुरू करतील किंवा मग गप्पच बसतील. त्यापेक्षा विचारा की आपल्या वावराच्या धुऱ्याला कोणाचं वावर होतं, विहीर कोणी खोदली, बैलजोडी कोणत्या बाजारातून आणली, तुमच्या आज्याची तेरवी तुम्हाला आठवते का, गावात आपलं घर आधी कोणत्या मोहल्ल्यात होतं, नवस फेडायला कोणत्या गावाला जात होते. नवसाचं गाव बरेचदा मूळ गाव निघतं. धुऱ्याला कोण होता हे तर लिहूनच ठेवा, पुढं लय कामी येते. अन मोबाईलचं रेकॉर्डिंग चालू ठेवा, पण त्यांना सांगून.

मग पेटी उघडा. सातबारा, सोसायटीच्या पावत्या, सावकाराच्या चिठ्ठ्या, जुनं रेशनकार्ड, बापाची टीसी, पत्रिका, कोर्टाचा एखादा निकाल, काहीही. पिवळा पडून घडीवर फाटलेला कागद असेल तर उलगडायची घाई करू नका, चिकटपट्टी तर अजिबात लावू नका, ती काही वर्षांनी कागदासकट सुटते. सावलीत सपाट ठेवून दोन्ही बाजूंचा फोटो काढा, मागच्या बाजूला स्टॅम्प किंवा तारीख असते अन लोक तीच सोडून देतात.

म्हाताऱ्या माणसांना साल सांगता येत नाही, त्यांना घटना सांगता येते, अन ते काही वाईट नाही. "मानमोडीच्या टायमाला माझा आजा वारला" असं कोणी सांगितलं तर समजा १९१८, दसरा-दिवाळीच्या सुमारास, तेव्हा इन्फ्लुएन्झाची साथ होती अन मध्य प्रांत-वऱ्हाडात तिनं फार माणूस मारला. छप्पनचा दुष्काळ म्हणजे संवत १९५६, आपला १८९९-१९००. गांधीजी सेवाग्रामात आले ते १९३६, चिमूरचा उठाव झाला तो ऑगस्ट १९४२, मालगुजारी (गावाचा सारा मालगुजारानं गोळा करून सरकारला भरायची पद्धत) गेली ती १९५१, बाबासाहेबांची दीक्षा १४ ऑक्टोबर १९५६ अन त्याच वर्षी डिसेंबरात गाडगेबाबा गेले. मोठा दुष्काळ म्हटलं की १९७२. ही यादी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा अन प्रत्येक आठवण तिच्याशी जोडून पाहा, "दीक्षेच्या आधी का नंतर" असं विचारलं की बुढी लगेच सांगते.

आता विदर्भातला सगळ्यात मोठा घोळ, जो पुण्या-मुंबईच्या लोकांनी लिहिलेल्या माहितीत कुठंच सापडत नाही. आपले कागद दोन वेगळ्या राज्यांचे आहेत. वर्धा नदी ही जुनी सीमा. नदीच्या अलीकडे नागपूर, वर्धा, भंडारा, चांदा, हा भोसल्यांचा मुलुख, १८५४ ला इंग्रजांकडे गेला, १८६१ मध्ये मध्य प्रांत झाला, इथं मालगुजारी. पलीकडे अमरावती, अकोला, बुलडाणा, यवतमाळ, म्हणजे वऱ्हाड, हा निजामाचा, १८५३ मध्ये इंग्रजांच्या ताब्यात आला, १९०३ पासून कारभार मध्य प्रांताला जोडला, इथं मुंबईच्या धर्तीवर रयतवारी, म्हणजे कास्तकारानं सारा थेट सरकारला भरायचा. म्हणजे पुलगावचा माणूस अन नदी ओलांडून धामणगावचा त्याचा मामा, एकमेकांच्या घरी बंडीनं जेवायला जाणारे, पण दोघांचे कागद वेगळ्या नमुन्याचे, वेगळ्या नावाचे. त्यामुळं आधी हे ठरवा की आपलं गाव कोणत्या बाजूला, मामाचं गाव कोणत्या बाजूला. यवतमाळ भागात मध्येच इजाऱ्याची, म्हणजे मक्त्यानं दिलेली गावं आहेत, त्यांचा प्रकार अजून निराळा, गावाच्या नावातच इजारा असतं बरेचदा.

जिल्हेही बदलले. गोंदिया १९९९ पर्यंत भंडाऱ्यात, गडचिरोली १९८२ पर्यंत चंद्रपुरात, वाशीम १९९८ पर्यंत अकोल्यात. त्याच्याही मागं वाशीम अन एलिचपूर म्हणजे अचलपूर हे स्वतंत्र जिल्हे होते, १९०५ मध्ये मोडले, अन यवतमाळ जिल्ह्याचं नाव तेव्हापर्यंत वणी जिल्हा होतं. म्हणून आजच्या तहसीलमध्ये "रेकॉर्ड नाही" असं उत्तर मिळालं तर निराश होऊन घरी यायचं नाही, जुन्या जिल्ह्याच्या कलेक्टर ऑफिसचं अभिलेखागार गाठायचं.

वावराची साखळी अशी चालते. आजचा सातबारा घ्या, तो ऑनलाईन निघतो. त्यावर गोल केलेले किंवा कंसातले फेरफार (जमिनीवरचं नाव बदलल्याची नोंद) नंबर असतात, लोक तिकडे पाहतही नाहीत, खरा माल तिथं आहे. एक एक फेरफार नंबर घेऊन पटवाऱ्याकडे किंवा तहसीलला त्याची नकल मागा. खरेदीचा फेरफार असेल तर विकणारा-घेणारा कळतो, पण वारसाचा फेरफार निघाला तर समजा लॉटरी. त्यात लिहिलेलं असतं की खातेदार अमुक हे अमुक तारखेला मयत झाले, त्यांना वारस पत्नी अमुक, मुलं इतकी, मुली इतक्या, त्यांची वयं, मुलींची सासरची गावं. एका पानात पूर्ण पिढी. मी तर म्हणतो बाकी काही मिळालं नाही अन लागोपाठ दोन-तीन वारस फेरफार मिळाले तरी काम अर्धं झालं. एक ध्यानात ठेवा, १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याच्या आधीच्या फेरफारात मुलींची नावं बहुतेक नसतात, म्हणून "पणज्याला मुलीच नव्हत्या" असा निष्कर्ष काढू नका. आत्या असतेच, कागदात नसते.

सातबारा आपल्याकडे आला तो महाराष्ट्र जमीन महसूल संहितेनंतर, म्हणजे १९६७ च्या पुढं. त्याच्या मागं जायचं तर नाव बदलतं. मालगुजारी भागात १९५४-५५ चा "अधिकार अभिलेख" मागा, हे शब्द असेच्या असे अर्जात लिहा. तो मालगुजारी गेल्यावर गावोगाव झाला, म्हणून त्यात कुळं सुद्धा नीट नोंदली आहेत. सोबत निस्तार पत्रक, म्हणजे गावाच्या सामाईक जागांचा कागद, पाहून घ्या, त्यात माणसं कमी पण गावातली स्मशानं, गोठाण, देवस्थानाच्या जागा असतात अन घराण्याचं देवस्थान असलं तर धागा मिळतो. त्याच्याही मागं खसरा (शेतवार यादी), जमाबंदी (साऱ्याचा हिशोब) अन बंदोबस्ताची मिसल. बंदोबस्त म्हणजे जमीन मोजून सारा ठरवणं. मिसल म्हणजे त्या वेळच्या बंदोबस्तात अख्ख्या गावाची केलेली फाईल, तीत शेत नंबर, कास्तकाराचं नाव, बापाचं नाव, जात, राहणार कुठला हे रांगेनं असतं. मालिक मकबूजा, मौरुसी, साधारण, शिकमी असे शब्द दिसतील, तो जमिनीवरचा हक्क कोणता ते सांगतो, घाबरायचं काम नाही. शिकमी लिहिलं असेल तर तुमचा पणजा दुसऱ्याच्या वावरात पोटकूळ होता एवढाच अर्थ.

वऱ्हाडात मागायचं ते हक्क नोंदणी, पेरेपत्रक (कोणत्या वावरात काय पेरलं त्याची नोंद), अन भूमी अभिलेख कार्यालयातून फाळणीचे कागद. एकाच सर्व्हे नंबरचे भावाभावात तुकडे कसे पडले ते फाळणीतून दिसतं, १ चे १/१, १/२, १/३ झाले की समजायचं तीन भाऊ किंवा तीन वाटेकरी. घरात पाटीलकी, पटवारकी, देशमुखी असेल तर वतनाच्या चौकशीची फाईल शोधा, त्यात हक्क सिद्ध करायला लोकांनी स्वतःच वंशावळ लिहून दिलेली असते. आयती मिळते, पण जपून घ्या, वतनासाठी दिलेल्या वंशावळीत नको असलेला चुलत भाऊ गाळायची पद्धत तेव्हाही होती.

नंबर जुळवण्यात माणूस अडकतो, कारण बंदोबस्त झाला की नंबर बदलले, चकबंदीत म्हणजे विखुरलेले तुकडे एकत्र करताना बदलले, गट झाले. इथं धुऱ्याचा शेजारी कामात येतो. आजोबांनी सांगितलं होतं ना उगवतीला कोणाचं वावर अन मावळतीला नाला, तर जुन्या नकाशावर नाला धरा, शेजाऱ्याचा बाप शोधा, त्याच्या बाजूचा नंबर तुमचा. नाले, पांदण, टेकडी नंबर बदलला तरी जागेवरच राहतात.

आता कोतवाल बुक. ज्यांना जमीन नव्हती त्यांचा हा मुख्य आधार, अन ज्यांना होती त्यांनीही पाहावंच. गावात जन्म झाला, मौत झाली की कोतवालानं त्याची खबर द्यायची, ती रजिस्टरात चढायची. गावात कोणी लिहिणारा असला तर तो लिहायचा, नाही तर ठाण्यावर लिहिलं जायचं. ती रजिस्टरं आज तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये बासनात बांधून असतात. पान उघडलं की असे रकाने दिसतात, अनुक्रमांक, तारीख, गाव, बापाचं नाव, जात, मुलगा का मुलगी. अन मौतीच्या पानावर मरणाऱ्याचं नाव, वय, कशानं मेला. १९१८ चं पान मिळालं तर पाहा, कारणाच्या रकान्यात वरून खालपर्यंत ताप, ताप, ताप, मध्येच लिहिणाऱ्यानं कंटाळून फक्त दोन टिंबं दिलेली, एकाच घरातले तीन-तीन माणसं लागोपाठच्या ओळीत.

जन्माच्या पानावर एक अडचण येते की पोराचं नावच नसतं. बारसं व्हायच्या आधी नोंद, मग "सखाराम वल्द म्हादू याला मुलगा" एवढंच. हा मुलगा तुमचा आजा का आज्याचा भाऊ ते कसं कळणार? एकट्या त्या ओळीवरून नाही कळत. शाळेच्या दाखल खारीज रजिस्टरातली जन्मतारीख, भावंडांचा क्रम अन कोणतं पोर लहानपणी वारलं हे मौतीच्या पानावरून काढून, असं तिन्हीकडून बांधत आणावं लागते. शाळेच्या तारखेवर डोळे मिटून विश्वास ठेवू नका, जुन्या काळात मास्तर पोराकडे पाहून अंदाजानं तारीख टाकायचे, म्हणून अर्ध्या गावाचा जन्म १ जुलैचा. पण बापाचं नाव, जात, कोणत्या गावाहून आला, शाळा काहून सोडली हे त्यात भरवशाचं असतं. "शेती कामामुळे" किंवा "वडील वारले" असं कारण लिहिलेलं सापडलं की त्या माणसाच्या आयुष्याचा एक तुकडाच हाती लागतो.

नावाचं एक बोचणारं प्रकरण आहे ते सांगूनच टाकतो. त्या रजिस्टरांत पाटलाचं नाव "महादेवजी पाटील" असं असतं, अन मजुराचं "म्हाद्या". सखाराम असेल तर सख्या, गोविंदा असेल तर गोंद्या, बाईचं तर नाव न लिहिता "म्हाद्याची औरत". तुम्ही पूर्ण नाव शोधत बसले तर तुमचा माणूस समोर असून निघून जाईल. म्हणून नावाचे जेवढे रूप होऊ शकतात तेवढे आधी लिहून ठेवा. बौद्ध घरांनी अजून एक पाहावं, १९५६ च्या आधीच्या कागदात जात महार लिहिलेली असेल अन नंतरच्यात बौद्ध किंवा नवबौद्ध, म्हणजे घराणं एकच पण रकाना बदललेला, बाबूला वाटते दोन वेगळी माणसं. अन कोतवाली, महारकी ज्या घरात होती त्यांच्यासाठी गावच्या नोकरांचे कागद वेगळे असतात, त्याही फाईली मागून पाहा.

दुसरा सापळा म्हणजे सारखी नावं. आपल्याकडे नातवाला आज्याचं नाव देतात. म्हणजे महादेव सखाराम, त्याचा पोरगा सखाराम महादेव, त्याचा पोरगा पुन्हा महादेव सखाराम. वर भाऊकीतही तेच, चुलत भावानंही पोराचं नाव आज्यावरून ठेवलेलं. १९१० च्या कागदात "महादेव वल्द सखाराम" दिसला की लोक नाचतात, सापडला म्हणून, पण तो कोणता? म्हणून नुसत्या नावाच्या जुळण्यावर जोडणी करायची नाही. नाव अन जात अन शेत नंबर, किंवा नाव अन वय अन बायकोचं नाव, असं काहीतरी दोन ठिकाणच्या दोन कागदांत जुळलं पाहिजे. जे जुळलं नाही ते वहीत पेन्सिलनं लिहा, जुळलं की मग पेननं. माझं मत असं की पेन्सिलचे चार माणूस असलेली वंशावळ ही पेननं ठोकून लिहिलेल्या दहा माणसांच्या वंशावळीपेक्षा बरी.

बायांचा शोध सगळ्यात कठीण, लग्न झालं की गाव बदलतं, नाव बदलतं. इथं सरकारी कागदापेक्षा घरातली आहेराची वही भारी. लग्नात कोणी किती आहेर केला ते लिहिलेली लांबट वही, बरेच लोक जपून ठेवतात कारण तेवढाच परत करावा लागतो. तिच्यात पाव्हण्याचं नाव, गाव, "लुगडं", "सव्वा रुपया", "भांडं एक", असं ओळीनं, अन मामेकुळाचा आहेर वेगळ्या पानावर. कोणत्या गावावरून जास्त आहेर आला, कोणाचं लुगडं आलं, तिथं सोयरिक. त्या गावात जाऊन विचारलं की आजीचं माहेर, तिच्या भावांची नावं निघतात अन मग त्या गावचं कोतवाल बुक. हुंड्या-आहेराच्या पद्धतीचं मला काही कौतुक नाही पण या वह्या फेकू नका.

कचेरीतली रीत थोडक्यात. अर्ज साध्या कागदावर, वर कोर्ट फी तिकीट, खाली गाव, तालुका, जुना तालुका, कागदाचं नेमकं नाव अन साल. "आमच्या घराण्याचे सर्व कागदपत्र मिळावे" असा अर्ज दिला तर तो फिरून तुमच्याकडेच येतो. एका अर्जात एक गाव अन चार-पाच वर्षांचा टप्पा, बस. आधी पाहणी मागा, पाहून झाल्यावर हव्या त्या पानाची नकल. नकल घेताना रजिस्टरचं नाव, पान नंबर, अनुक्रमांक नकलेवर आला का पाहून घ्या. पोळा झाल्यावर पिकाच्या पंचनाम्याची गर्दी असते, निवडणुकीच्या टायमाला तर कोणी हाती लागत नाही, ते दिवस टाळा. रेकॉर्ड रूमच्या माणसाशी गोड बोला, तो धुळीत बसून काम करतो, अन कोणतं बासन कुठं आहे ते फक्त त्याच्या डोक्यात असते. उत्तरच मिळत नसेल तर माहितीचा अधिकार आहे, पण तो शेवटी काढा, पहिल्याच दिवशी नाही.

जायच्या आधी घरबसल्या दोन गोष्टी पाहून घ्या. भूमी अभिलेख खात्यानं जुने कागद स्कॅन करून ऑनलाईन टाकायचं काम केलं आहे, सगळ्या तालुक्यांचं सारखं नाही, पण आपला तालुका असेल तर चक्कर वाचते. दुसरं म्हणजे २०२३ मध्ये मराठा समाजाच्या कुणबी नोंदी तपासायला नेमलेल्या न्यायमूर्ती शिंदे समितीच्या निमित्तानं जिल्ह्याजिल्ह्यात कुणबी नोंदी शोधल्या गेल्या अन बऱ्याच जिल्ह्यांनी त्या आपल्या सरकारी वेबसाईटवर गाववार टाकल्या. तुम्ही कुणबी नसले तरी पाहा, कारण पूर्ण पानच स्कॅन असते अन शेजारच्या ओळीत तुमचा माणूस असू शकतो.

मोडी आली की लोक हात टेकतात. वऱ्हाडातल्या जुन्या कागदात, खरेदीखतात, सावकाराच्या चिठ्ठीत मोडी भेटणारच. पूर्ण मोडी शिकायची गरज नाही, आपल्या घरातली सात-आठ नावं, गावाचं नाव, वल्द, मौजे अन आकडे एवढी मोडी लिहायला शिका, मग पानावर ते आकार डोळ्याला दिसायला लागतात. सापडलेलं पान जाणकाराकडून वाचून घ्या, सरकारी कामासाठी लागत असेल तर मान्यता असलेल्या वाचकाकडूनच लिप्यंतर करून घ्या. सालाचं गणित सोबत ठेवा, शके असेल तर ७८ मिळवा, मारवाडी सावकाराच्या वहीत संवत असेल तर ५७ वजा करा, निजामी कागदात फसली असेल तर ५९० मिळवा. एखादं वर्ष इकडेतिकडे होते, कारण यांची वर्षं जानेवारीत सुरू होत नाहीत. वाचताना जौजे दिसलं तर बायको, बेवा म्हणजे विधवा.

भाट अन पंडे. काही समाजांत भाट वही घेऊन गावात येतो, अन काशी, प्रयाग, गया, त्र्यंबकेश्वर इथं तीर्थपुरोहितांकडे गाव अन जातवार वह्या असतात, जो जो यात्रेला गेला त्यानं आपल्या बापा-आज्याची नावं लिहून दिलेली. घरातलं कोणी अस्थी घेऊन गेलं असेल तर ही नोंद असते, अन ती त्या माणसानं स्वतः सांगितलेली म्हणून मोलाची. जाताना जुनं गाव, जुना जिल्हा, जात अन आज्याचं नाव लिहून न्या, दक्षिणेचं आधीच ठरवा. भाटाचं मात्र जरा वेगळं. त्याच्या वहीतल्या खालच्या चार-पाच पिढ्या लिहून घ्या अन कोतवाल बुकाशी पडताळा, बऱ्याच खऱ्या निघतात. त्याच्या वर तो चढत चढत कोणत्या तरी राजापर्यंत जाईल, तेव्हा चहा पाजून ऐकून घ्या, वहीत उतरवू नका.

एक व्यवहाराची गोष्ट, जी कोणी सांगत नाही. तुम्ही जुने फेरफार काढायला लागले की आठ दिवसांत भाऊकीत बोंब होते की हा हिस्सा मागायला निघाला. चुलते बोलणं बंद करतात, जुना कागद असेल तो लपवतात. म्हणून तहसीलला जायच्या आधी भाऊबंदांना बसवून सांगा, काय करतो, काहून करतो, अन मिळेल त्या प्रत्येक कागदाची झेरॉक्स प्रत्येक घराला देईन. आत्यांना अन बहिणींनाही सांगा. खरंच एखाद्या कागदात कोणाचा राहिलेला हक्क निघाला तर तो लपवायचा नाही, पण ते भांडण वंशावळीच्या वहीत आणू नका, त्याला वकील आहेत.

जातपडताळणीसाठी हेच कागद लागतात, म्हणून नकला प्रमाणितच घ्या, एकदाच खर्च होतो. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५०, जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ अन ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७, या तारखांच्या आधीचा पुरावा धरतात, म्हणजे तुमच्या प्रवर्गाच्या तारखेच्या आधीचं एक तरी पान मिळालं की ते वेगळ्या फाईलला लावून ठेवा, पुतण्याच्या ॲडमिशनला धावपळ होत नाही. वंशावळ मांडताना प्रत्येक नावाखाली कोणत्या कागदावरून घेतलं ते बारीक अक्षरात लिहा. जिवंत माणसांच्या जन्मतारखा, आधार, जमिनीचे नंबर असलेला तक्ता व्हॉट्सअ‍ॅपवर सोडू नका, ग्रुपवर फक्त गेलेल्या माणसांचा टाका.

कुठवर जाता येते? मालगुजारी भागात अन वऱ्हाडात पहिले पक्के बंदोबस्त १८६० च्या आसपास सुरू झाले, तेव्हा कास्तकार असलेला माणूस साधारण १८२०-३० चा जन्मलेला, त्याच्या बापाचं नाव सोबत. म्हणजे नीट काम केलं तर सहा-सात पिढ्या. त्याच्या मागचे भोसल्यांचे अन निजामी कागद आहेत, पण त्यात बहुतेक वतनदार, इनामदार, सावकार यांचीच नावं, साध्या कास्तकाराचं अन मजुराचं क्वचित. तुमच्या घरी वतन नव्हतं तर कागद तिथं संपला असं समजा, अन कोणी पैसे घेऊन त्याच्याही मागच्या पंचवीस पिढ्या छापून देतो म्हणत असेल तर त्याला पैसे देऊ नका.